राइनरांच्या घरचं टेबल

किलियान विबमरला गावात विबमर कोणी म्हणत नाही. आमच्या खोऱ्यात माणसाला आडनावाने फक्त पोस्टमन आणि टॅक्सवाले ओळखतात, बाकीच्यांना घराचं नाव पुरतं. त्याचं घर राइनरांचं, म्हणून तो राइनरांचा किलियान. वीस वर्षांचा, मोठ्या कानांचा, बोलायला लाजरा, आणि चेंडू पायाशी असला तरच माणसांत आल्यासारखा वाटणारा मुलगा.

तो चांगला खेळतो याचं कौतुक पुढे वर्तमानपत्रांनी खूप केलं, पण खरं श्रेय त्याच्या अंगणाला आहे. राइनरांचं अंगण इतकं उतरतं की चेंडू एकदा पायातून सुटला की थेट खाली ईझल नदीपर्यंत. आणायला जायचं म्हणजे वीस मिनिटं खाली आणि चाळीस मिनिटं वर. सहा वर्षांच्या पोराने दोन उन्हाळे ही शिक्षा भोगली आणि मग चेंडू सोडणंच बंद केलं. कुठूनही, कसाही आला तरी तो त्याच्या बुटाला चिकटून थांबायचा. चौदाव्या वर्षी डोनाऊ नदीकाठच्या शहरातल्या फुटबॉल क्लबचा एक माणूस त्याला बघायला आला, अर्धा तास मैदानाच्या कडेला उभा राहिला आणि त्याच्या आईला म्हणाला, "बाई, याला आमच्याकडे द्या."

आई रोसविटा हॉटेलात स्वयंपाकीण. तिने दिला. क्लबच्या अकादमीच्या वसतिगृहात पोरं त्याच्या बोलीला हसायची, तो "होय" म्हणाला तरी हसायची. पहिलं वर्ष तो उशीत तोंड खुपसून रडला. आई दर महिन्याला डब्यातून श्लिप्फक्राप्फन पाठवायची, बटाट्याचं सारण भरलेले, करंजीच्या घाटाचे. ते खाताना तो कोणाशी बोलत नसे. सहा वर्षं अशीच गेली. शाळा जेमतेम पुरी झाली, हातात कुठलं कसब आलं नाही, पण पायात जे होतं ते वाढत गेलं. विसाव्या वर्षी तो पहिल्या लीगच्या संघात होता. बहुतेक वेळा बाकावर, कधीमधी शेवटची दहा मिनिटं मैदानावर, मधल्या फळीत.

मग नोव्हेंबरच्या शेवटी क्लबच्या डायरेक्टरांनी त्याला खोलीत बोलावलं. त्यांचं नाव हुटएगर, पण त्यांना सगळे मागिस्टर म्हणत. आमच्या देशात माणसाने एकदा पदवी घेतली की त्याचं नाव संपतं.

"बस, किलियान. आपल्या आठ नंबरवाल्याची पिवळी कार्डं भरली, पुढची मॅच तो बाहेर. चौदा डिसेंबरला, नाताळच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या मॅचला, सुरुवातीपासून तू खेळणार."

किलियान खुर्चीच्या कडेवर बसला.

"आणि जानेवारीत तीन वर्षांचा करार. कागद तयार आहेत. पण एक सांग, पाच तारखेच्या सुमाराला तुम्हाला दोन दिवस सुट्टी आहे. तू घरी जाणार?"

"हो, मागिस्टर साहेब."

"तुमच्याकडचा तो राक्षसांचा खेळ मला माहीत आहे. माझी बायको तिकडचीच आहे. त्यात पडायचं नाही. मोटरसायकल नाही, स्की नाही, राक्षस नाहीत. शब्द?"

"शब्द," किलियान म्हणाला, आणि त्या क्षणी त्याने तो अगदी मनापासून दिला होता.

आईने तर फोनवर आणखी कडक भाषा वापरली. "सहा तारीख उलटल्यावर ये."

"आई, सुट्टीच पाचला आणि सहाला आहे. सहा वर्षं मी निकोलाउसच्या सणाला घरी नाही आलो."

"मग वरच्या खोलीत बसशील? दार लावून?"

"बसेन गं."

आता हे ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांना राक्षस म्हणजे गंमत वाटेल. पाच डिसेंबरला अंधार पडला की संत निकोलाउसच्या वेषात एक जण घरोघर येतो, पोरांना शेंगदाणे-संत्री देतो, आशीर्वाद देतो. त्याच्या मागे क्लाउबाउफ, हेच ते राक्षस. अंगावर मेंढीची कातडी, तोंडावर लाकडी मुखवटे, कमरेला गायीच्या गळ्यातल्या घंटा. आत असतात गावातलेच तरणे गडी. निकोलाउस बाहेर पडला की ते घरातल्या टेबलाला हात घालतात. टेबलामागे घरचे पुरुष. राक्षसांनी टेबल ओढत दाराबाहेर नेलं तर ते घर हरलं. आणि त्या मुखवट्यांमागे कोण होतं हे दुसऱ्या दिवशी कोणी बोलायचं नाही. हात मोडो, दात पडो, तोंडाला कुलूप. हा नियम पाद्र्यालासुद्धा लागू आहे.

आदल्या वर्षी राइनरांचं टेबल गेलं होतं. किलियानचे वडील एंगलबर्ट रस्त्यावरचा बर्फ काढायचं यंत्र चालवतात. त्यांच्या पाठीचं ऑपरेशन झालं होतं, दोन भाऊ थकलेले, आणि घरातला एकुलता एक मुलगा डोनाऊकाठी. टेबल सकाळपर्यंत बर्फात उलटं पडून होतं. एंगलबर्टने ते एकट्याने आत आणलं आणि त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. गावाने मात्र ईस्टरपर्यंत काढला. "काय एंगलबर्ट, जेवता कुठे हल्ली? मांडीवर?"

पाच तारखेला किलियान कबूल केल्याप्रमाणे वर जाऊन बसला. खाली टेबलामागे बाबा, त्यांचा मेव्हणा हियास आणि सत्तरीचा शेजारी लिप. घंटा खालच्या आळीतून वर येऊ लागल्या. किलियानने मोबाइल काढला, ठेवला, पुन्हा काढला. तेवढ्यात लिपचा आवाज आला, मुद्दाम चढवलेला.

"आपला फुटबॉलवाला वर काय करतोय? अंडी उबवतोय?"

हियास हसला. "पिल्लं निघाली की खाली येईल."

त्यावर किलियान उठला नसता. असली चेष्टा त्याने अकादमीत ढिगाने पचवली होती. पण मग बाबांचा आवाज आला, अगदी शांत.

"राहू दे रे. त्याचे पाय क्लबचे आहेत."

त्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. बाबांनी एक गोष्ट मान्य करून टाकली होती, इतकंच. आणि किलियानला ते सहन झालं नाही. निकोलाउसची काठी अंगणात वाजली तेव्हा तो जिना उतरत होता. चुलीजवळून आईने त्याच्याकडे पाहिलं, मान हलवली, नाही, नाही. तो बाबांच्या शेजारी जाऊन बसला.

सहा जण आत शिरले. खोलीत घंटांचा असा कल्लोळ की स्वतःचं ओरडणं ऐकू येईना. टेबल हातभर सरकलं, परत आलं, पुन्हा सरकलं. लिप पहिल्याच झटक्यात बाकाखाली गेला. किलियानने डावा पाय बाकाच्या पायाला अडकवून टेबलाची कड छातीशी धरली. हियास, त्याच्यावर दोन कातडीवाले आणि टेबल असं सगळं मिळून त्याच्या त्या अडकलेल्या पायावर आडवं आलं. आत गुडघ्यात काहीतरी मोडलं, गाजर मोडावं तसं. त्याला ते ऐकू आलं. एवढ्या घंटांमध्ये.

पण त्याने कड सोडली नाही. आणि राक्षस दमले.

ते गेले तेव्हा टेबल खोलीच्या मध्येच होतं, एक पाय लचकलेला, पण आतच. एंगलबर्ट धापा टाकत हसायला लागला. तो माणूस असा हसू शकतो हे आम्ही विसरलो होतो. त्याने बाटली काढली, सगळ्यांना दिली, आणि मुलाच्या मानेवर हात ठेवला तो काढीचना.

"पाहिलंस लिप? अंडी उबवतोय म्हणे! पाहिलंस?"

"पाहिलं रे, पाहिलं. बाकाखालून का होईना, पाहिलं."

किलियान हसत होता. टेबलाखाली त्याचा गुडघा पाव फुगावा तसा फुगत होता, आणि तो दोन्ही हातांनी तो दाबून धरून हसत होता. आता सांगायचं तर कसं सांगायचं?

सकाळी तो जिना बसत बसत उतरला. आई खाली उभीच होती.

"दाखव."

त्याने पँट वर केली. तिने पाहिलं आणि तोंडावर पदर धरावा तसा एप्रन धरला.

"शहरात फोन कर."

"केला तर संपलं. मी शब्द दिलाय त्यांना."

"मग हे घेऊन खेळणार आहेस?"

"आठ दिवस आहेत आई. सूज उतरली की झालं. एक मॅच. मग सुट्टीच आहे, मग कोणाला कळणार?"

इथे तिने हट्ट धरायला हवा होता. पण आमच्याकडे गुडघा सुजला की डॉक्टरच्या आधी चक्का येतो. तिने चक्क्याचा थंड लेप लावला, वरून पाइनच्या राळेचं मलम, वर घट्ट कापड, आणि रस्त्यासाठी एका डब्यात आणखी चक्का दिला. "बाबांना सांगू नकोस," तो म्हणाला. तिने नाही सांगितलं. तीही सामील झाली होती त्यात, जाणूनबुजून.

शहरात त्याने पोट बिघडल्याची थाप मारली आणि तीन दिवस ट्रेनिंगला गेला नाही. खोलीला आंबट दह्यासारखा वास येत होता. चौथ्या दिवशी तो गेला, पायावर लांब पट्टी, वर लांब मोजे. सरळ धावता येत होतं. वळताना गुडघा आतल्या आत घसरायचा, म्हणून तो वळलाच नाही. चेंडू येण्याआधीच योग्य दिशेला तोंड करून उभा राहू लागला. ट्रेनर खूश. "बघा, हा पोरगा आधीच विचार करतो!" किलियान न्हाणीघरात जाऊन भिंतीला डोकं टेकून उभा राहिला. दररोज सकाळी उठल्याबरोबर तो आधी गुडघ्याला हात लावून बघे. कधी वाटे, बरा होतोय. कधी वाटे, आत्ताच्या आत्ता जाऊन मागिस्टरांचे पाय धरावेत. मग आठवे, करार. तो नसला तर आपण कोण? राइनरांचा पोरगा, ज्याला शहरातून परत पाठवलं.

चौदा तारखेला मैदानाच्या कडेला बर्फाचे ढीग होते. तो सुरुवातीपासून खेळला, तेवीस मिनिटं. ती तेवीस मिनिटं ज्यांनी पाहिली ते अजून सांगतात. चेंडू त्याच्याकडे यायचा आणि थांबायचा, मग तो एका स्पर्शात कोणाला तरी मोकळा करायचा. लोक त्याचं नाव घेऊन ओरडू लागले. चोविसाव्या मिनिटाला पास जरा मागे पडला. त्याला वळावं लागलं. तो वळला आणि गुडघा निसटला. आपण पडतोय हे त्याला कळलं, आणि त्याच वेळी समोरच्या संघाचा सेनाद मुयकिच घसरत आला, चेंडू स्वच्छ उडवून गेला आणि किलियानच्या बुटाला त्याचा बूट लागला.

पाहणाऱ्यांना काय दिसलं? चौतीस वर्षांचा आडदांड बचावपटू, आणि त्याच्यापुढे किंचाळणारा वीस वर्षांचा पोरगा. रेफ्रीने लाल कार्ड काढलं. मैदान संतापाच्या शिट्ट्यांनी भरून गेलं. सेनाद हात जोडून काहीतरी सांगत होता, त्याच्यावर प्लास्टिकचे ग्लास येऊन पडत होते.

स्ट्रेचरबरोबर मागिस्टर धावत होते, सूट घालून. "घाबरू नकोस पोरा. आम्ही आहोत. जानेवारीत सह्या हॉस्पिटलात करू, तुझ्या पलंगावर. कळलं? ऐकतोयस ना?"

किलियान ऐकत होता. वेदनेने कळवळत असतानाही त्याच्या मनात आलं, वाचलो.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी फोटो बराच वेळ पाहिले. लिगामेंट तुटलेलं, कूर्चा फाटलेली. "नऊ महिने तरी. कदाचित वर्ष. आणि नंतर पहिल्यासारखा होईल असं मी वचन देत नाही." मग चष्म्यावरून पाहत म्हणाल्या, "आत जुनं रक्त दिसतंय. आठवड्याभराचं. आधी काही झालं होतं?"

"ट्रेनिंगमध्ये थोडं मुरगळलं होतं."

"थोडं," त्या म्हणाल्या, आणि पुढे विचारलं नाही.

आई आगगाडीने आली. बाबांना बर्फामुळे यंत्र सोडता येईना. तिने खुर्ची पलंगाशी ओढली. "मॅचमध्ये झालं," ती हळूच म्हणाली. "साऱ्या देशाने पाहिलं. आपण काही म्हणायचंच नाही."

"आई, करार नसेल तर मला असल्या गुडघ्याने कोण घेणार? कोणीच नाही."

"म्हणूनच सांगते."

बाहेर वर्तमानपत्रात सेनादचा फोटो छापून आला, खाली मोठ्या अक्षरांत 'कसाई'. आठ सामन्यांची बंदी येणार अशी बातमी होती. किलियानने तो पेपर पालथा घालून ठेवला.

बुधवारी दुपारी दार वाजलं. सेनादच आला होता. हातात बकलाव्याचा खोका, अंगात लग्नाला घालतात तसला कोट. तो दारातच उभा राहिला.

"आत येऊ का? माझ्या आईने पाठवलंय. ती म्हणाली, रिकाम्या हाताने जाशील तर घरात घेणार नाही."

किलियानची आई सफरचंद चिरत होती. तिने मान वर केली नाही. "या," ती म्हणाली.

सेनाद बसला नाही. "मी ती क्लिप चाळीस वेळा पाहिली. मला वाटतं चेंडू आधी लागला. देवाशप्पथ वाटतं. पण तुझा गुडघा गेला, म्हणजे माझ्यामुळेच गेला असणार, नाही का? दुसरं काय?" त्याने खोका टेबलावर ठेवला, सरळ केला, पुन्हा सरळ केला. "मी बंदीविरुद्ध जाणार नाही. आणि मे महिन्यापर्यंत खेळायचं होतं, तेही आता नको. सोमवारी सुट्टीआधीच्या शेवटच्या ट्रेनिंगला गेलो, समोरून पोरगा आला, आणि मी पायच घातला नाही. घालताच येईना. तुझी किंकाळी ऐकू येते. तर… मी क्लबला सांगितलं, बास झालं. हे तुला तोंडावर सांगायचं होतं. माफ कर."

किलियानने फक्त "ठीक आहे" म्हणायचं होतं. एवढंच. सेनाद दाराकडे वळला. त्याची पाठ रुंद होती आणि कोट खांद्यात आखूड.

"सेनाद. थांब."

आईची सुरी थांबली. "किलियान," ती म्हणाली.

"तू नाहीस. आधीच गेला होता गुडघा. पाच तारखेला, घरी. आमच्या गावात टेबल ओढतात, राक्षस बनून… तू नाहीस. मी वळलो तेव्हाच तो निसटला. तू यायच्या आधी."

सेनादला पहिल्यांदा काही कळेना. "टेबल?"

"टेबल."

मग त्याला कळलं. तो पलंगाच्या कडेवर मटकन बसला आणि तळहातांनी तोंड झाकलं. उठला तेव्हा त्याचा चेहरा लालबुंद होता.

"तीन दिवस! माझी पोरगी तीन दिवस शाळेत गेली नाही! बायकोच्या फोनवर काय काय येतंय माहितेय तुला? आणि तू इथे पडून?"

"हो."

"हो म्हणतोय वर!" त्याने मूठ आवळली, सोडली, किलियानच्या आईकडे पाहिलं. ती रडत होती. तो दारापर्यंत गेला आणि परत वळला. "म्हणजे ती तेवीस मिनिटं तू मोडक्या गुडघ्याने खेळत होतास?"

"हो."

"अरे देवा," सेनाद म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम खाली आला. "तुझ्यापर्यंत पोचताच येत नव्हतं रे. पंधरा वर्षं खेळतोय मी. पोचताच येत नव्हतं."

तो गेला. किलियानने मोबाइल घेतला. आईने त्याच्या मनगटावर हात ठेवला, ओला, सफरचंदाच्या रसाने चिकट. "थोडं थांब. बाबांशी बोल आधी."

"बाबांशी बोललो तर मी नाही करणार हा फोन."

तिने हात काढला. मागिस्टरांनी पहिल्याच घंटीला उचलला. किलियानने सगळं सांगितलं. मुखवट्यामागे कोण कोण होतं तेवढं सोडून.

"तू शब्द दिला होतास," मागिस्टर म्हणाले.

"हो, मागिस्टर साहेब."

"हे ऐकल्यावर मला ते कागद फाडावे लागतील. कळतंय? मला ऐकायचंच नव्हतं हे. का सांगितलंस?"

उत्तराची वाट न पाहता मागिस्टर म्हणाले, उद्या लीगला पत्र लिहितो, मुयकिचचं कार्ड मागे घेतील. ऑपरेशनचा खर्च क्लब करेल, तेवढं करेल. मग त्यांनी त्याला बरं वाटण्याच्या शुभेच्छा दिल्या, अगदी औपचारिक, अनोळखी माणसाला देतात तशा.

खोलीत बकलाव्याचा गोड वास सुटला होता. खोक्याला कोणी हात लावला नव्हता. आईने डोळे पुसले आणि चिरलेल्या फोडी एका रांगेत लावत बसली.

"मग आता?" तिने विचारलं.

"घरी."

"घरी येऊन काय करशील?"

तो विचार करू लागला. खरंच विचार करू लागला, परीक्षेला बसल्यासारखा. बाबांचं यंत्र, हॉटेलातली भांडी, लाकूड कापायचा कारखाना. एकेक गोष्ट डोळ्यांपुढे आणली आणि तिथे स्वतःला उभं करून पाहिलं. मग त्याचा चेहरा वेडावाकडा झाला, आणि चौदाव्या वर्षी वसतिगृहात उशीत तोंड खुपसून रडायचा त्याहून मोठ्याने, उघड्या तोंडाने तो रडायला लागला.

"आई, मला दुसरं काहीच येत नाही गं."

तिने त्याचं डोकं छातीशी धरलं. "माहीत आहे मला," ती म्हणाली.